बाहेरच्या लाइटची वायर: आधी जॅकेट बघा, स्क्वेअर एमएम नंतर

बाहेरच्या लाइटला कुठली वायर टाकू असं विचारलं की समोरून पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती वॉटचा लाइट आहे? मग एक स्क्वेअर (म्हणजे आतल्या तांब्याचा छेद एक चौरस मिलिमीटर) घे, नको दीड घे, अगदी सेफ पाहिजे तर अडीच टाक, अशी बोली लागते आणि वायर कसली आहे हे कोणी विचारतच नाही. खरं तर या सगळ्यात वॉट हा सगळ्यात बिनमहत्त्वाचा मुद्दा आहे. हिशोब बघा, ३० वॉटचा एलईडी फ्लडलाइट २३० व्होल्टवर ओढतो किती, तर ०.१३ अँपिअर, पॉवर फॅक्टर धरून ०.१५ म्हणा. आणि ०.७५ स्क्वेअरची साधी फ्लेक्सिबल वायर ६ अँपिअरला चालते. म्हणजे चाळीसपट मोकळीक. एवढ्याशा करंटने वायर कोमटसुद्धा होणार नाही.

तरी बाहेरच्या वायरी जातातच. कुठे जातात ते बघितलं की कळतं की करंटचा काही दोष नाही, एक तर वरचं जॅकेट उन्हाने मरतं नाहीतर टोकाला, म्हणजे फिटिंगमध्ये किंवा जॉइंटमध्ये, पाणी शिरतं. हे दोनच. तांबं बिचारं आत धडधाकट असतं. त्यामुळे वायर निवडताना आधी जॅकेट, मग टोकं, आणि सगळ्यात शेवटी स्क्वेअर एमएम, हा क्रम धरला तर बरेच प्रश्न आपोआप सुटतात. (लांबलचक १२ व्होल्टची लाइन असेल तर मात्र स्क्वेअर एमएम एकदम वर येतं, त्याचा हिशोब खाली करू.)

उन्हात काही वर्षं काढलेली साधी पीव्हीसी वायर कधी हातात घेऊन नीट बघा. बोट फिरवलं की पांढुरकी पूड लागते. जिथे ती क्लिपखाली झाकलेली होती तेवढाच पट्टा अजून गुळगुळीत आणि मूळ रंगाचा असतो, बाकी सगळी फिकट. हळूच वाकवली तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला आडव्या चिरा उघडतात आणि त्यातून आतल्या कोअरचा, म्हणजे जॅकेटच्या आतल्या एकेका रंगीत वायरचा, रंग डोकावतो, आणि अशा वायरवर लाइट मात्र मजेत चालू असतो, पहिला दणकून पाऊस येईपर्यंत.

हे होतं का, तर पीव्हीसी मुळात मऊ नसतंच. पाण्याचे कडक पाइप ज्याचे बनतात तेच हे पीव्हीसी. वायरसाठी ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर नावाचा तेलकट पदार्थ भरपूर मिसळतात. उन्हाच्या तापाने हा प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर पडत जातो आणि वायर पुन्हा कडक व्हायला लागते. वरून अतिनील किरण पीव्हीसीच्या रेणूतला क्लोरीन तोडून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपात बाहेर काढतात, मग उरलेला सांगाडा रंग बदलतो आणि ठिसूळ होतो. जाता जाता, हाच प्लास्टिसायझर थर्माकोलमध्येपण झिरपतो, म्हणून थर्माकोलला चिकटून पडलेली पीव्हीसी वायर सावलीत असूनसुद्धा कडक होते. आणि थंडीत तर पीव्हीसी आधीच आखडतं, साधारण ५ अंशांच्या खाली असताना ती वायर ओढू-वाकवू नये असंच सांगतात.

काळा रंग बरा का म्हणतात तेही यातच आलं. काळ्या जॅकेटमध्ये कार्बन ब्लॅक असतो, म्हणजे अगदी बारीक काजळी, आणि ती अतिनील किरण वरच्या वर शोषून घेते, आत जाऊ देत नाही. पण चांगल्या जॅकेटमध्ये ती नीट प्रमाणात आणि बारीक एकसारखी मिसळलेली असावी लागते, नुसता काळा रंग फासून काम होत नाही. म्हणजे काळी वायर दिसली की बाहेरची झाली असं समजू नका. तसंच पीव्हीसी म्हणजे सगळंच टाकाऊ असंही नाही, उन्हासाठी बनवलेलं पीव्हीसी मिळतं, फक्त ते तसं जॅकेटवर छापलेलं असलं पाहिजे.

मग लोक म्हणतात, ठीक आहे, रबर केबल घेतो. इथे दुसरा खड्डा आहे. साधं रबर उन्हाला तर कंटाळतंच पण त्याचा खरा शत्रू ओझोन, आणि तो हवेत कायम थोडाफार असतोच. नैसर्गिक रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात, ओझोन नेमका त्यांवर जाऊन तोडतो, आणि तेही जिथे रबर ताणलेलं आहे तिथे जास्त. म्हणून जुन्या रबर वायरीला चिरा पडतात त्या वळणावरच, ताणाच्या बरोब्बर आडव्या. सरळ लोंबणारा भाग ठणठणीत आणि ग्लँडपाशी (म्हणजे केबल फिटिंगमध्ये शिरते तिथे तिला आवळून धरणाऱ्या तोटीपाशी) वळलेला भाग फाटलेला, असं दिसलं की ओझोनचा हात आहे असं खुशाल समजा.

यावरचा जुना आणि अजूनही टिकून असलेला उपाय म्हणजे निओप्रीन, म्हणजेच पॉलिक्लोरोप्रीन. १९३० मध्ये ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या गटात हे बनलं. त्याच्या साखळीत क्लोरीन असल्यामुळे ओझोन, ऊन, तेल या सगळ्याला ते साध्या रबरापेक्षा बरंच जास्त पुरतं, आणि पेट घेतला तरी आग बाजूला केली की सहसा विझतं. अशा केबलच्या आत प्रत्येक कोअरवर वेगळं रबर असतं, बहुतेक वेळा ईपीआर, म्हणजे इथिलीन-प्रॉपिलीन रबर, त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नसतात म्हणून ओझोनला तोडायला काही मिळत नाही. बाहेरून निओप्रीन, आतून ईपीआर आणि मध्ये बारीक तारांचं तांबं, बाहेरच्या लाइटसाठी जी खरी फ्लेक्सिबल केबल म्हणतात ती हीच.

आता ही ओळखायची कशी, तर केबलच्या अंगावरचा कोड वाचायचा. डब्यावरचा नाही, दुकानदाराने सांगितलेला नाही, जॅकेटवर छापलेला. युरोपियन पद्धतीचा कोड असा दिसतो: एच०७आरएन-एफ (H07RN-F). एकेक अक्षर घ्या. एच म्हणजे सगळ्या युरोपीय देशांनी मिळून मान्य केलेला प्रकार. ०७ म्हणजे ४५०/७५० व्होल्ट, ०५ असेल तर ३००/५०० व्होल्ट, ०३ असेल तर ३००/३००. पुढचं पहिलं अक्षर आतल्या कोअरच्या इन्सुलेशनचं आणि दुसरं बाहेरच्या जॅकेटचं, त्यात व्ही म्हणजे पीव्हीसी, आर म्हणजे रबर, एन म्हणजे निओप्रीन, एस म्हणजे सिलिकॉन, क्यू म्हणजे पॉलियुरेथेन. शेवटचा एफ म्हणजे फ्लेक्सिबल. त्यापुढे ३जी१.५ असं असेल तर तीन कोअर, त्यातली एक हिरवी-पिवळी अर्थिंगची, दीड स्क्वेअर. जी च्या जागी एक्स असेल तर अर्थिंगची कोअर नाही.

एवढं कळलं की निम्मं काम झालं. एच०५व्हीव्ही-एफ म्हणजे आत-बाहेर पीव्हीसी, घरातल्या मिक्सर-पंख्यासाठी उत्तम, बाहेर कायमची लावायला नाही. एच०५आरआर-एफ म्हणजे आत-बाहेर साधं रबर, आणि फसगत बहुतेक इथेच होते कारण ही पण 'रबर केबल' म्हणूनच विकली जाते. एच०५आरएन-एफ म्हणजे निओप्रीनची हलकी केबल. एच०७आरएन-एफ म्हणजे निओप्रीनची जाड, दणकट केबल. थोडक्यात बाहेरसाठी बघायचं ते दुसरं अक्षर. तिथे एन दिसला पाहिजे.

०५ आणि ०७ मध्ये काय घ्यायचं यावर लोक उगाच व्होल्टेजची चर्चा करतात. २३० व्होल्टच्या लाइटला दोन्ही पुरतात. ०७ घ्यायची ती तिचं जॅकेट जाड असतं म्हणून, ठोकर, घासणं, पायाखाली येणं हे ती सोसते म्हणून. माझं मत विचाराल तर भिंतीवरच्या ब्रॅकेटला लागलेला हातभर लांबीचा तुकडा, ज्याला कोणी हात लावणार नाही, तिथे एच०५आरएन-एफ पुरे. ती ०.७५ आणि १ स्क्वेअरमध्ये येते, वळायला सोपी असते आणि छोट्या ग्लँडमध्ये नीट बसते. जमिनीवरून जाणारी, उचलून नेण्याच्या फ्लडलाइटची, झाडाला बांधलेली, खांबावर वाऱ्याने हलणारी असेल तर एच०७आरएन-एफ. दीड स्क्वेअर तीन कोअरची ही केबल जवळजवळ १० मिलिमीटर जाड असते, त्यामुळे छोट्या शोभेच्या लाइटच्या एंट्रीमध्ये ती घुसतच नाही आणि मग लोक जॅकेट सोलून नुसत्या कोअर आत घालतात. असं केलं तर महागाची केबल आणून नेमका तिचा कामाचा भागच काढून टाकल्यासारखं होतं.

अमेरिकन पद्धतीची केबल हातात आली तर तिथे वेगळी अक्षरं असतात, उदाहरणार्थ एसजेओओडब्ल्यू. त्यात 'जे' हे अक्षर असेल तर ३०० व्होल्ट, नसेल तर ६०० व्होल्ट आणि जाड. एक ओ म्हणजे जॅकेट तेलाला पुरणारं, दोन ओ म्हणजे आतलं इन्सुलेशनपण. टी म्हणजे थर्मोप्लास्टिक. आणि आपल्या कामाचं अक्षर शेवटचं, डब्ल्यू, म्हणजे ऊन-पाण्यात चालेल. डब्ल्यू नाही तर बाहेर नाही, एवढं सोपं.

निओप्रीनशिवाय दोन प्रकार अधूनमधून दिसतात. पॉलियुरेथेन जॅकेटची एच०७बीक्यू-एफ (बी म्हणजे आत ईपीआर), घासण्याला आणि कापलं जाण्याला ही निओप्रीनपेक्षा चिवट, थंडीत पण मऊ राहते, रंगाने बहुतेक भडक नारिंगी असते म्हणून ओढत न्यायच्या कामाला झकास पण घराच्या पांढऱ्या भिंतीवर कोणाला आवडेल माहीत नाही. दुसरी सिलिकॉन. सिलिकॉन उष्णतेला राजा आहे, १८० अंशांपर्यंत चालतं, उन्हालाही हरत नाही, पण जॅकेट इतकं मऊ की पत्र्याच्या काठावर एकदा घासलं की चिरलंच. ते फिटिंगच्या आतल्या गरम भागात वापरायचं, बाहेर उघड्यावर नाही.

उष्णतेवरून आठवलं, एच०७आरएन-एफच्या आतल्या तांब्याला ६० अंशांची मर्यादा असते. ऐकायला भरपूर वाटतं, पण काळी केबल भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर पडली असेल तर लाइट लावायच्या आधीच ती त्या आकड्याजवळ पोचलेली असू शकते. जुने हॅलोजन फ्लडलाइट तर आत असे तापायचे की टर्मिनलपाशी रबर भाजून कुरकुरीत व्हायचं. एलईडीत तेवढं होत नाही, तरी फिटिंगवर वायर किती अंशांची लागेल ते लिहिलेलं असेल तर वाचा, आणि केबल शक्यतो सावलीच्या बाजूने, पत्र्याला न टेकवता न्या.

आता फ्लेक्सिबल म्हणजे नेमकं काय. दीड स्क्वेअरची फिक्स वायर एका जाड तारेची किंवा सात तारांची असते, फ्लेक्सिबलमध्ये तेच दीड स्क्वेअर पाव मिलिमीटरच्या साधारण ३० तारांत वाटलेलं असतं. आंतरराष्ट्रीय मानकात याला क्लास ५ म्हणतात, एका तारेची म्हणजे क्लास १. जाड तार वाकवत राहिली की तुटते, बारीक तार तेवढ्याच वळणाला फारसा ताण घेत नाही, म्हणून खांबावरचा वाऱ्याने थरथरणारा लाइट किंवा वरखाली फिरवायचा स्पॉटलाइट असेल तर शेवटचा तुकडा फ्लेक्सिबलच पाहिजे.

पण शेवटचाच तुकडा! फ्लेक्सिबल चांगली म्हणून अख्खी लाइन फ्लेक्सिबलने ओढायची, ती भिंतीतून पार काढायची, प्लॅस्टरखाली गाडायची, नाहीतर मातीत पुरायची, हे करू नका. अमेरिकेच्या वायरिंग कोडमध्ये तर फ्लेक्सिबल कॉर्ड फिक्स वायरिंगच्या जागी वापरायची नाही असं स्पष्टच आहे. कारण साधं आहे, मऊ जॅकेट फावडं, दगड, उंदीर यांपुढे टिकत नाही आणि झाकलेल्या जागी ते खराब झालं तर दिसतही नाही. मातीखालून न्यायचं तर आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली, केबल किंवा पाइपातून योग्य केबल, लाइटजवळ वॉटरप्रूफ बॉक्स, आणि बॉक्सपासून लाइटपर्यंत फ्लेक्सिबल. कारंज्यात किंवा तळ्यात कायम बुडालेला लाइट असेल तर एच०७आरएन-एफपण नाही चालत, त्यासाठी कायम पाण्यात राहणारी वेगळी आहे, एच०७आरएन८-एफ, फरक फक्त त्या ८ चा दिसतो पण कामाचा आहे.

माळेसारखे बल्ब लोंबवायचे असतील तर निओप्रीनचीच एक चपटी केबल असते, एच०५आरएनएच२-एफ, तिला खास होल्डर बसतात ज्यांच्या टाचण्या जॅकेट भेदून तांब्याला टेकतात. इथे एकच सांगणं, लांब अंतर असेल तर वजन केबलवर टाकू नका. आधी स्टीलची तार ताणा आणि केबल तिला ढिली बांधा. आणि बांधायला पांढरे नायलॉनचे केबल टाय घेऊ नका, ते उन्हात तडकतात आणि एके दिवशी आख्खी माळ खाली. उन्हासाठीचे काळे टाय मिळतात ते घ्या.

आता टोकं. बहुतेक ठिकाणी चांगली केबल इथेच वाया जाते.

फिटिंगवर आयपी६५ लिहिलंय म्हणजे पाणी जाणारच नाही असं समजून लोक निर्धास्त होतात. आयपीतला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे धूळ अजिबात नाही आणि पाण्याचा फवारा मारला तरी चालतं, ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. पण हे सगळं फिटिंग जसं कारखान्यातून निघालं तसं, त्याच्या ग्लँडमध्ये योग्य जाडीची गोल केबल नीट आवळलेली असेल तेव्हा. ग्लँडवर किंवा त्याच्या माहितीत रेंज दिलेली असते, म्हणजे ६ ते १२ मिलिमीटर वगैरे. त्याहून बारीक केबल घातली तर आतलं रबर तिला धरतच नाही. चपटी केबल गोल ग्लँडमध्ये घातली तर दोन्ही बाजूला फट राहते. एका ग्लँडमधून दोन केबली काढल्या तर मध्ये त्रिकोणी भोक राहतं. तिन्ही प्रकारांत आयपी६५ गेलं, स्टिकर मात्र तसाच चिकटलेला.

फट नसली तरी पाणी आत जातं, आणि हे फार लोकांना पटत नाही. होतं असं की संध्याकाळी लाइट लागतो, फिटिंग तापतं, आतली हवा फुगून थोडी बाहेर पडते. ३० अंशांनी तापली तर सुमारे १०% हवा बाहेर. मग लाइट बंद होतो, किंवा तापलेल्या फिटिंगवर गार पाऊस पडतो, आतली हवा आकसते आणि फिटिंग बाहेरून हवा ओढायला लागतं, रोज न चुकता. ग्लँड पक्का असेल तर ही ओढ कुठून भागते? केबलच्या आतून! कोअरच्या मधल्या पोकळीतून आणि तारांच्या मधल्या फटीतून. केबलचं दुसरं टोक जर ओलसर बॉक्समध्ये किंवा नुसतं टेप गुंडाळून झाडाच्या बुंध्याशी पडलं असेल तर तिथली ओल थेट लाइटमध्ये पोचते. त्यात तारा बारीक, त्यामुळे दिव्याची वात तेल ओढते तसं पाणी ओढलं जातं, काही वेळा चांगलं मीटरभर. मग काचेच्या आत थेंब दिसतात आणि शिव्या खातं फिटिंग.

उपाय फार अवघड नाहीत. दुसरं टोक कोरड्या, नीट बंद होणाऱ्या बॉक्समध्ये आणा, किंवा जेल भरलेले कनेक्टर वापरा. जॉइंट करायचाच असेल तर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी घ्या, इन्सुलेशन टेप पाणी अडवत नाही, उलट आत गेलेलं पाणी सुकू देत नाही. ग्लँड शक्यतो खालच्या बाजूला ठेवा आणि केबल आत शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, ग्लँडपर्यंत येत नाही. झोळ देताना एकदम काटकोनात मोडू नका, केबलच्या जाडीच्या निदान सहापट त्रिज्येचं वळण ठेवा, वर ओझोनचं सांगितलंय ते लक्षात असेलच. मोठ्या फिटिंगला हवा जाऊ देणारे पण पाणी न येऊ देणारे छोटे व्हेंट प्लग मिळतात, ते असतील तर फिटिंग केबलमधून श्वास घेत नाही. आणि सिलिकॉन सीलंट फासायची फार हौस असेल तर निदान व्हिनेगरसारखा वास येणारा नको, त्यातलं ॲसेटिक आम्ल तांबं खातं, न्यूट्रल प्रकारचा घ्या.

टर्मिनलमध्ये बारीक तारा स्क्रूखाली धरताना अर्ध्या बाहेर पसरतात, म्हणून काही जण टोकाला सोल्डर चढवून कडक करतात. दिसायला एक नंबर काम, पण सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरत जातं, स्क्रू सैल होतो, सैल जोड तापतो. त्यापेक्षा फेरूल, म्हणजे टोकावर चढवायची छोटी धातूची टोपी, पकडीने दाबून बसवा. आणि हिरवी-पिवळी कोअर बाकीच्या दोन कोअरपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबलला कधी हिसका बसलाच तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटेल. २३० व्होल्टचं हे टोकाचं काम मेन स्विच बंद करून, आणि सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि बाहेरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं लीकेज ट्रिप होणारं स्विच असलंच पाहिजे. पावसाळा सुरू होताच ते पडायला लागलं तर त्याला बायपास करू नका, ते केबल सांगते आहे की मी भिजले.

आता राहिलेलं ते १२ व्होल्टचं. बागेतल्या छोट्या लाइटना १२ व्होल्ट असतो, शॉक लागत नाही म्हणून लोक हाताला येईल ती वायर टाकतात आणि शेवटचे लाइट मिणमिणतात. ६० वॉटची माळ धरा. २३० व्होल्टवर तिला ०.२६ अँपिअर लागेल, १२ व्होल्टवर तिलाच ५ अँपिअर. दीड स्क्वेअर क्लास ५ तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला १३.३ ओहम धरतात. २० मीटर लांब लाइन म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.५३ ओहम. गुणिले ५, म्हणजे २.६६ व्होल्ट वाटेतच गेले, बारातले जवळजवळ २२%! तीच केबल, तेवढेच वॉट, २३० व्होल्टवर फक्त ०.१४ व्होल्ट पडतो. लाइटिंगसाठी ३% च्या आत ठेवा असं सर्वसाधारणपणे सुचवतात. ४ स्क्वेअर टाकली तरी १२ व्होल्टवर ८% जातात. २४ व्होल्टचा सेट घेतला तर दीड स्क्वेअरवरच ५.५% येतात. म्हणजे जाड केबल विकत घेत बसण्यापेक्षा २४ व्होल्टवर जा किंवा ड्रायव्हर, म्हणजे २३० चे १२ व्होल्ट करणारा डबा, लाइटच्या जवळ आणा, ते परवडतं. अर्थात हा हिशोब सगळा लोड टोकाला धरून केलाय, लाइट वाटेत विखुरलेले असतील तर थोडं कमी पडतं.

१२ व्होल्टला जॅकेटची सूट मात्र नाही. डीसी आणि ओल एकत्र आली की पॉझिटिव्ह बाजूचं तांबं अक्षरशः खाल्लं जातं, हिरवी पूड होऊन गळतं. समुद्राजवळ किंवा सतत दमट जागी टिन चढवलेलं तांबं मिळालं तर जरूर घ्या, सोलल्यावर ते चंदेरी दिसतं, त्याला घाबरू नका.

पण चंदेरीवरून एक सावधगिरी. वरून तांबं आणि आतून ॲल्युमिनियम अशा वायरी सर्रास चालतात, कोड सगळे तेच छापलेले. टिन असेल तर चंदेरी थर वर असतो आणि खरवडला की खाली लाल तांबं, नकलीत बरोबर उलटं, वर लाल आणि खरवडलं की आत चंदेरी. लोहचुंबक इथे काही सांगत नाही कारण दोन्ही धातू त्याला चिकटत नाहीत. वजन सांगतं, तांब्याची घनता ८.९६ आणि ॲल्युमिनियमची २.७०, गुंडाळी उचलली की फरक कळतो. पण सगळ्यात खात्रीचं म्हणजे मल्टिमीटर. १०० मीटरची दीड स्क्वेअरची गुंडाळी असेल तर एका कोअरचा या टोकापासून त्या टोकापर्यंतचा रेझिस्टन्स मोजा. आधी मीटरच्या दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा किती येतो ते बघा, तो वजा करा. उरलेला आकडा २० अंशांना १.३३ ओहमच्या आत हवा, गरम दिवस असेल तर १.४ पर्यंत समजू शकतो. २ च्या आसपास आला तर आत तांबं नाहीये, किंवा स्क्वेअर एमएम छापलंय तेवढं नाहीये, दोन्हीपैकी काहीही असलं तरी गुंडाळी परत द्यायची.

लावून झाल्यावर वर्षातून एकदा, पाऊस सुरू व्हायच्या आधी, लाइन बंद करून केबलवर हात फिरवा. ग्लँडजवळचं वळण, पत्र्याच्या कडा, क्लिपांच्या आसपास. जमलं तर इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या, त्याआधी लाइट आणि ड्रायव्हर सोडवायला सांगा नाहीतर ड्रायव्हर जायचा. १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर कुठेतरी ओल आहे. आणि वळणावर चीर दिसली तर तिच्यावर टेप गुंडाळत बसू नका, तेवढा तुकडा कापून नवा घाला, बॉक्सपासून लाइटपर्यंत असतो केवढासा तो.